पहिल्या आठवड्याचं वाढं

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या बेलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. वारा फिरतो आणि मळीचा तो आंबूस-गोड वास सरळ स्वयंपाकघरात शिरतो, फोडणीलासुद्धा दाबून टाकतो. परवा सकाळी पोहे करत होते, तेवढ्यात आला. कढई तशीच ठेवून मी आधी खिडकी लावली. मग वाटलं, त्या वासानं तुझं काय घोडं मारलंय गं? पुन्हा उघडली. पोहे करपले ते करपलेच.

पाटापलीकडच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. ट्रॅक्टर, त्यामागं ट्रॉल्या, ट्रॉल्यांत भांडी, बाजा, कोंबड्या, लेकरं आणि सगळ्यांच्या वर बांधलेली एक सायकल. दुपारपर्यंत त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कोयत्यांचा आवाज सुरू, कच्च, कच्च, कच्च. थंडीत तो आवाज लांबपर्यंत येतो. दवानं ओल्या झालेल्या पाचटात उभं राहून बायकांच्या टाचा अशा फुटतात की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. या वासाची, या आवाजाची मी वर्षभर वाट बघायचे. खोटं कशाला सांगू, लोक दिवाळीची बघतात तशी बघायचे.

मी नगरला शाळेत मास्तरीण होते. रिटायर झाले, मालक त्याआधीच गेले होते, लेक पुण्यात तिच्या संसारात. मग माहेरच्या गावाला, इथं बेलापुरात येऊन राहिले. रिकाम्या बाईला काम लागतं. ते मला भाऊंनी दिलं. भाऊ म्हणजे ऊसतोडणी कामगारांचे भाऊ. भाववाढीसाठी, विम्यासाठी, मुकादमानं डांबून ठेवलेल्या माणसांसाठी लाठ्या खाल्लेला माणूस. त्यांनी जामखेडकडं, खर्ड्याला एक ट्रस्ट काढून मुलींचं वसतिगृह चालवलं होतं. आईबाप सहा महिने फडात गेले तरी पोरगी गावात, शाळेत राहावी म्हणून. कारण पोरगी एकदा का आईबापामागं फडावर आली की तिचं लग्न ठरलंच म्हणून समजा. इथं एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. जोडी असली तर मुकादम उचल देतो, हंगामाआधीच हातात आगाऊ रक्कम. एकट्या पोराला कोण उचल देणार? मग त्याच्यासाठी पोरगी बघायची, वय कोण विचारतो.

भाऊंनी मला त्या ट्रस्टची खजिनदार केलं. म्हणाले, "बाई, तुमचे हात स्वच्छ आहेत." मी केवढी फुगले होते! आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

आणि आमची ती रीत. उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. ऊस कारखान्याला जातो, वाढं मागं राहतं. बायका त्याच्या पेंढ्या बांधतात आणि गावातल्या गुराढोरांच्या मालकांना विकतात. उचल सगळी नवऱ्याच्या हातात. ती घराला, कर्जाला, दारूला आधीच संपलेली. बाईच्या हातात पडणारा रोख पैसा काय तो वाढ्याचा. त्यातून मीठ-मिरची, लेकराचं औषध, स्वतःची एखादी टिकली. तर या बायकांनी आपणहून ठरवलं होतं, की हंगामातल्या पहिल्या आठवड्याचं वाढं वसतिगृहाचं. कुणी जबरदस्ती केलेली नव्हती. मी संध्याकाळी पिशवी घेऊन कोपी-कोपी फिरायचे. चुलीपुढं बसायचे. बायका कमरेची पिशवी सोडायच्या, दहा-दहाच्या मऊ झालेल्या नोटा, नाणी माझ्या ओंजळीत टाकायच्या. नोटांना उसाचा चिकटा असायचा. घरी येऊन मी हात धुवायचे तरी बोटं चिकटच राहायची, आणि मला त्याचं कोण कौतुक!

कागद? छे. कागदबिगद काही नाही. चळवळीत हिशेब विचारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं, असं आमचं सगळ्यांचंच मत होतं. भाऊ म्हणायचे, "हिशेब परक्याला मागतात, घरच्या माणसाला नाही." आम्ही टाळ्या वाजवायचो. दरवर्षी पावसाळ्यात खर्ड्याला ट्रस्टची सभा व्हायची. किल्ल्याकडच्या बाजूला वसतिगृहाचा पत्र्याचा हॉल, पत्र्यावर पाऊस इतका ताडताड वाजायचा की बोललेलं ऐकू येऊ नये. जेवणं झाली की हिशेबाचा विषय निघायचा. कुणीतरी म्हणायचं, "हिशेब वाचला असं समजू या." समजायचो! कार्यवृत्तात मी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायचे, 'हिशेब वाचून दाखवण्यात आला व सर्वानुमते मंजूर झाला.' आणि वाचायचा वेळ वाचला म्हणून आम्ही चळवळीची गाणी म्हणायचो. पेटीवर मी. तीस वर्षं पोरांच्या वहीतला एक हातचा चुकला तर लाल शाईनं गोल करणारी मी बाई!

बेलापूरहून खर्डा म्हणजे नगरला बस बदला, जामखेडला बदला, पुढं जीप. गुडघे बोलायला लागले तेव्हा भाऊंनीच तोड काढली. "बाई, दरवेळी एका सहीसाठी कशाला हाल करून घेता?" मग मी सभेला गेले की कोऱ्या लेटरहेडवर आठ-दहा सह्या करून ठेवायला लागले. वर्षभराची बेगमी. लोणचं घालून ठेवावं तशी मी सह्या घालून ठेवत होते.

एकदा एका बाईनं विचारलं होतं. कौसाबाई तिचं नाव, खर्ड्याजवळच्या वस्तीवरची. नवऱ्यासोबत दरवर्षी याच पाटापलीकडं तोडीला यायची. तिची पूजा आमच्या वसतिगृहात. पैसे माझ्या हातात देता देता ती म्हणाली, "बाई, इचारू का? ह्या पैशाचं पुढं काय हुतं?"

मी हसले. "अगं, पूजाच्या ताटात जातात."

"तसं न्हाई. मुकादम लबाड हाय, पर त्यो सुदीक वहीत लिवतो. किती दिलं, किती फिटलं. तुमी का न्हाई लिवत?"

मला इतका राग आला! मुकादमाशी तुलना? मी तिला अर्धा तास भाषण दिलं. भाऊंनी किती लाठ्या खाल्ल्या, किती वेळा आत गेले. ती ऐकत होती, भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, "बरं बाई. ऱ्हाऊ द्या." आणि मला गरम भाकरी वाढली. मी ती खाल्लीसुद्धा.

मग तो हंगाम आला. पूजा दहावीला होती. गणितात पोरगी अशी, की मी गेले की मलाच कोडी घालायची. संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, वसतिगृहाच्या शैलाताईंचा फोन आला. वसतिगृह त्याच बघायच्या. "बाई, किराणावाल्यानं माल बंद केलाय. दिवाळीपासूनची बाकी आहे म्हणतो. बँकेत गेले तर बँकेत काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, बाई."

मला वाटलं ही बाई चुकीच्या खात्याचं बोलतेय. अहो, मुदत ठेव होती! मुलींच्या पक्क्या इमारतीसाठी. वाढ्याचे पैसे, पुण्या-मुंबईच्या भल्या माणसांनी दिलेल्या देणग्या, कुणा मास्तरांनी आपली ग्रॅच्युइटी दिलेली, सगळं त्यात. मी दुसऱ्या दिवशी पहिली बस धरली. वाटेत स्वतःला समजावत होते, शैलाताई साध्या आहेत, त्यांना पासबुक वाचता आलं नसेल.

पासबुक मला वाचता येत होतं. ठेव मोडली होती, दिवाळीच्या आधीच. पैसे चालू खात्यात आले होते आणि पंधरा दिवसांत रोखीनं निघून गेले होते. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "असं कसं देता तुम्ही? खजिनदाराच्या सहीशिवाय?" त्यांनी फाईल उघडली आणि कागद माझ्याकडं फिरवला. ट्रस्टचं लेटरहेड. 'ठेव मुदतीपूर्वी मोडण्यास मान्यता देत आहे.' खाली माझी सही. स्वच्छ, वळणदार, खाली एक रेघ, रेघेखाली दोन ठिपके.

मी त्या सहीकडं बघत राहिले. साहेब म्हणाले, "मॅडम, ही तुमचीच ना?" कुणीतरी थोबाडीत मारावी आणि बघावं तर हात आपलाच, असं काहीतरी झालं. त्यांनी पाणी मागवलं. मी ते प्यायले आणि ग्लास टेबलावर ठेवताना सांडलं, त्या कागदावरच सांडलं, तर त्यांनी घाईघाईनं कागद उचलून झटकला. माझी सही जराही फिसकटली नाही.

भाऊ घरीच होते. दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, दोरीवर तोच उसवलेला सदरा. मी आत शिरले ती ओरडतच. त्यांनी ओरडू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "निवडणुकीला लागले, बाई."

त्या साली भाऊ उभे राहिले होते, अपक्ष. अनामत गेली होती. आम्ही सगळे राबलो होतो, मीही पत्रकं वाटली होती. जीपगाड्या, डिझेल, मंडप, कार्यकर्त्यांची जेवणं. हा पैसा कुठून येतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या जेवणावळीत मीही जेवले होते. म्हणजे मी पूजाच्या ताटातलं खाल्लं होतं.

"आपला माणूस निवडून आला असता तर अशी दहा वसतिगृहं झाली असती," भाऊ म्हणाले. "बघा, या घरात एक नवी खुर्ची दिसते का तुम्हाला?"

नव्हती. हेच तर! खुर्ची नव्हती, गाडी नव्हती, बायकोच्या गळ्यात काळी पोत सोडून काही नव्हतं. चोर असता तर बरं झालं असतं हो. चोराला शिव्या देता येतात. मी म्हटलं, "भाऊ, तो पैसा मुलींचा होता. मुलींसाठी म्हणून मागितला होता आपण."

"चळवळीचाच होता. चळवळीलाच लागला."

"मला विचारायचं तरी!"

तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. त्यांची मान लाल झाली. "तुम्हीच सह्या करून दिल्यात ना, बाई? आता माझ्यावर विश्वास नाही का?"

आणि मी काय केलं? काही नाही. ऐका, मी काहीच केलं नाही. दोन दिवसांनी कार्यकर्त्यांची बैठक झाली. सगळे हादरलेले, पण एकेक जण म्हणायला लागला, की बाहेर बोलू नका, बदनामी होईल, मुकादम आणि कारखानदार टपूनच बसलेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं. मला पटलं. इतकं पटलं, की दुसऱ्यांना मीच पटवत सुटले. देणगीदारांचे फोन आले तर "सगळं छान" म्हणाले. त्याच फोनवर खरं सांगितलं असतं, तर त्यातल्या एखाद्यानं तरी मार्चपर्यंतचा किराणा भरला असता. एवढीच तर गरज होती, मार्चपर्यंतची! पण खरं सांगायचं म्हणजे कागदावरची सही सांगायची. बदनामी चळवळीची होईल म्हणत होते, भीती माझ्या स्वतःच्या नावाची होती.

वसतिगृह बंद झालं. शैलाताईंनी एकेका मुलीला एसटीत बसवून आईबापाच्या फडावर पाठवलं. पूजा इथं पाटापलीकडं आली, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी तिला म्हटलं, माझ्याकडं राहा, इथून परीक्षेला जाऊ. कौसाबाईनं लेकीला मागं ओढलं. ओरडली नाही. म्हणाली, "आता कुनाच्या इस्वासावर ठिवू, बाई?" मी तिथून निघून आले. पुन्हा जायला हवं होतं, दहादा जायला हवं होतं. गेले नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मार्च महिना आला. परीक्षा सुरू झाली त्या आठवड्यात माझ्या कामवालीनं भांडी घासता घासता सांगितलं, पलीकडच्या टोळीतल्या पोरीचं लग्न झालं, फडावरच, दुसऱ्या टोळीतल्या पोराशी. "कुठली पोरगी?" "ती हो, गणितवाली. तुमच्या वसतिगृहातली." सोळा वर्षांची होती. मी ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर उन्हं चांगली वर आली होती, कुठूनतरी पाचट पेटवल्याची काळी राख उडत येऊन अंगणात पडत होती, आणि ही बया माझ्याकडं बघून म्हणते, "बाई, चहा ठिवू का?"

त्यानंतर मी नगरला जाऊन धर्मादाय कार्यालयात तक्रार दिली. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात आधी माझं नाव लिहिलं, मग भाऊंचं. खिडकीतला कारकून म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव तुम्ही तक्रारदार म्हणून लिहा, इथं नाही." मी म्हटलं, दोन्हीकडं असू द्या. चौकशी चालू आहे. तारखा पडतात, मी जाते. जुने सोबती मला बघून रस्ता ओलांडतात. एकानं भर स्टँडवर गद्दार म्हटलं. ज्यांच्याबरोबर पेटीवर गाणी म्हटली, त्यांच्यातलाच होता. भाऊ अजून मोर्चे काढतात, आणि अजूनही मुकादमानं कुणाला कोंडलं की सोडवायला तेच जातात. हे काय करायचं, मला कळत नाही. त्यांचा राग येतो तेव्हा हे आठवतं आणि हे आठवतं तेव्हा पूजा आठवते.

तर परवा पोहे करपले त्याच दिवशी दुपारी फाटकाशी हाक आली. "बाई, वाढं घ्यायचं का?" माझ्याकडं एक गाय आहे. मी बाहेर आले. डोक्यावर पेंढ्या, कडेवर दीडेक वर्षाचं लेकरू, पायात पुरुषी चपला. पेंढ्या खाली टाकल्या तेव्हा चेहरा दिसला.

"पूजा?"

"व्हय. वळखलं का?"

मी तिला आत बोलावलं. लेकराला बिस्कीट दिलं. मग गाईचंच बोलत सुटले, किती दूध देते, काय खाते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. भाईरून धावीला बसायचं हाय. अजून मुदत हाय म्हनत्यात, दंड भरून."

"बसायचंय? अगं, आणि फडातलं काम?"

"परीक्षेपुरती सुट्टी घेईन. नवऱ्याला सांगितलंय. त्यो म्हनला बस, पर पैशाचं तुझं तू बघ."

मी म्हटलं, "पैशाचं तू बघूच नकोस. मी भरते." ती मान हलवत राहिली. कमरेची पिशवी सोडली. दहा-दहाच्या नोटा, वीसच्या, नाणी. वाढ्याचे पैसे, पहिल्या आठवड्याचे. टेबलावर तिनं ते मोजले, पुन्हा मोजले, रास माझ्याकडं सरकवली. पण हात राशीवरून काढला नाही.

"बाई, लिवून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच. कुनाकडून घेतलं, किती घेतलं, कशासाठी घेतलं."

आणि काय सांगू, मला राग आला! सरसरून आला, मानेपासून कानापर्यंत. मी, जिनं स्वतःवर तक्रार केली, जिला भर स्टँडवर गद्दार म्हणाले, ती मी या कालच्या पोरीला लिहून देऊ? 'माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा,' हे शब्द अगदी जिभेवर आले. जिभेवर आले तेव्हा कळलं, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेत. माझ्यातसुद्धा आहे तर हे. एवढं सगळं होऊनसुद्धा आहे.

पूजा वाट बघत होती. चिडली नव्हती, लाजलीही नव्हती. लेकरू बिस्किटाचा लगदा माझ्या टेबलाला फासत होतं.

मी वही आणली. चांगला जाड कागद काढला, पूजाचं पूर्ण नाव लिहिलं, रक्कम आकड्यात लिहिली, अक्षरी लिहिली, बाहेरून दहावीला बसण्याच्या फॉर्मसाठी असं लिहिलं, खाली सही केली, आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं ओळीवर बोट ठेवून सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग कागद परत माझ्यापुढं ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "तारीख राहिली."